मन्मथप्पांची शुगर

मन्मथप्पांना शुगर नव्हती. औशात हे कोणालाही सांगून बघा, तो तुम्हालाच वेड्यात काढील. कारण गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांना कारल्याचा रस आणून दिला होता आणि उरलेल्या निम्म्यांनी जांभळाच्या बियांची पूड. अप्पांनी दोन्ही घेतलं. नको म्हणणं त्यांना जमत नसे. हे वाक्य त्यांच्या बाबतीत जरा जास्तच खरं आहे, ते पुढं कळेल.

आडनाव आणि गल्ली मी गाळली आहे. नावसुद्धा बदला, असं मंगलचं, म्हणजे माझ्या बायकोचं मत होतं. पण नाव बदललं की अप्पांचा एक विनोद मरतो, आणि त्यांच्याकडं विनोद तसे थोडेच होते. आमच्याकडं लिंगायतांत मन्मथ हे नाव संताचं म्हणून भक्तीनं ठेवतात. गल्लीत हाक मारली तर दोन दारांतून दोन मन्मथप्पा बाहेर येतात. पण शब्दकोशात मन्मथ म्हणजे कामदेव. अप्पांनी तो शब्दकोश पाहिलेला होता.

आमची ओळख नांदेडला झाली. मी लातूरचा. जिल्हा परिषदेत कारकून, पोट सुटलेला, लग्नाकार्यात जेवणं झाल्यावर ज्याच्याभोवती सतरंजी टाकून लोक बसतात आणि म्हणतात, "हं, होऊन जाऊ द्या," तो मी. अशा माणसाला मोबाइलवर अश्लील व्हिडिओ बघायचं व्यसन लागतं आणि ते सुटता सुटत नाही, यावर माझाही विश्वास बसला नव्हता. मंगलचा बसला. तिनं एकच सांगितलं, "डॉक्टर न्हाईतर माहेर. माझं माहेर मुरुडला हाय, बस दर तासाला हाय." लातूरला डॉक्टर आहेत. पण लातूरला माझे मेहुणेही आहेत. म्हणून मी नांदेड गाठलं.

तिथल्या एका दवाखान्यात एक मॅडम होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "औषधापेक्षा माणसं लागतील." दवाखान्यामागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी व्यसन सोडणाऱ्यांची बैठक भरायची, तिथं मला पाठवलं. बैठकीत बहुतेक दारूवाले. व्यसनातही पंगत असते, हे मला तिथं कळलं. दारूवाले पहिल्या पंगतीला, गुटखावाले दुसऱ्या, आणि आम्ही पत्रावळ्या उचलायला. एकेक जण उठून सांगत होता, कोणी शेत विकलं, कोणी बायकोला मारलं, आणि बाकीचे माना हलवत होते. माझी पाळी आली तेव्हा मी एवढं पुटपुटलो की माझं मोबाइलचं आहे, त्यातलं घाणेरडं. शेजारचा एक भारदस्त गृहस्थ, जो दारूच्या नशेत विहिरीत पडून वाचला होता, खुर्ची माझ्यापासून सरकवून म्हणाला, "आमी पेलो, पडलो, पर असलं न्हाई केलं बाबा."

हॉल हसला. मी दाराकडं बघायला लागलो. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक माणूस उठला. पांढरा शर्ट, धोतर, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे. त्यानं हात जोडले.

"शरणार्थ. माजं नाव मन्मथ. बापानं देवाचं म्हणून ठेवलं, आन् म्या कामदेव म्हणून चालवलं. ह्या भाऊसायबाला जे हाय तेच मला हाय. तुमचं दुकान मोठं हाय, मालक. आमा दोघाला पायरीवर बसू द्या, एवढंच म्हणणं हाय."

विहिरीवाला गृहस्थ खजील झाला. अप्पा येऊन माझ्या शेजारी बसले आणि कानात विचारलं, "तुमी लातूरचे न्हवं? कचेरीत बघितलंय तुमाला."

लातूरचं कोणी भेटू नये म्हणून मी चार तास बस केली होती, आणि शेजारच्या खुर्चीवर लातूरला खेटून असलेल्या औशाचा माणूस. तोही त्याच कारणानं आलेला.

खरी बैठक परतीच्या एसटीत झाली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडी लातूरला यायची, आणि एवढ्या वेळात दोन माणसं एकमेकांना पुष्कळ सांगू शकतात. अडचण एकच, आजूबाजूला कान. पहिल्याच फेरीत आम्ही दबक्या आवाजात बोलत होतो. घरात कोणी नसलं की वाढतं, रिकामं बसलं की वाढतं, एकदा कंट्रोल सुटला की सगळंच सुटतं. लोह्याला चढलेली एक म्हातारी पुढच्या बाकावरून मागं वळली.

"शुगर हाय का वो मामा?"

अप्पांनी पापणी लवू दिली नाही. "हाव माय. दोघालाबी."

"आता घरोघर झालीय. हे बगा, उपाशी ऱ्हाऊ नका. एकल्यानं बसू नका. सकाळच्या पारी चालायला जावा. आन् वाढली म्हणून मनाला लावून घेऊ नका, दुसऱ्या दिवशी पुना पथ्य धरायचं."

म्हातारी अहमदपूरला उतरली. अप्पा तिच्या पाठमोऱ्या लुगड्याकडं बघत म्हणाले, "मॅडमनं दुसरं काय सांगितलं वो?"

त्या दिवसापासून आमच्या रोगाचं नाव शुगर पडलं. फोनवर कोणासमोरही बोलता यायचं. मी म्हणालो, "अप्पा, आज लई वाढलीय," की ते म्हणायचे, "कुठं हाव? एकलेच हाव का? उठा, भायेर या. बोलत बोलत चौकापतुर चला." चौकात पोचेपर्यंत ते बैलांच्या झुलींच्या कापडाचे भाव, औशाच्या बाजारातली भांडणं, असलं काहीही बोलत राहायचे. मी कित्येकदा पायांत एक चप्पल माझी आणि एक मंगलची घालून चौकात उभा असलेलो आहे. पण उभा असलेलो आहे.

आणि एक सवय. "कसं काय?" विचारल्यावर मी "बरं चाललंय" म्हणालो, की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "हे खरं हाय का बरं हाय?" त्यांच्या मते माणसाच्या बोलण्याचे दोनच प्रकार होते. खरं, आणि बरं दिसावं म्हणून बोललेलं. मी किस्से सांगणारा माणूस; माझा सगळा व्यवहार दुसऱ्या प्रकारात. त्या प्रश्नानं माझी फार पंचाईत व्हायची.

शुगरचा त्रास मात्र दोघांना झाला. माझ्या घरी मंगलला खरं काय ते ठाऊक होतं. म्हणूनच ती भर पंगतीत खणखणीत आवाजात सांगायची, "ह्यांना जिलेबी वाढू नका, ह्यांना शुगर हाय!" आणि माझ्या ताटातली जिलेबी उचलून स्वतःच्या ताटात घ्यायची. खायची नाही. नुसती ठेवायची, मला दिसेल अशी. मला काही बोलायची सोय नव्हती. बायकोनं सूड घ्यावा तर असा.

अप्पांचं दुकान बैलांच्या साजाचं. कासरे, वेसणी, घुंगरमाळा, गोंडे, झुली, पितळी तोडे. देवणीकडचे हौशी शेतकरी पूर्वी त्यांच्याकडं खास यायचे. काळ्यापांढऱ्या देवणी बैलाला कोणता रंग खुलतो ते अप्पा बैल न बघता, मालकाचा फेटा बघून सांगायचे. मग ट्रॅक्टर आले. आता पोळ्याचे पंधरा दिवस सोडले तर दुकानात अप्पा आणि घुंगरं. वर्षाच्या उरलेल्या दुपारी ते गादीवर बसून मोबाइल बघायचे. त्यातच ते कधीतरी घसरले. "भाऊसायेब, पहिल्यांदा कुणीतरी पाठवलं म्हणून बघितलं. मंग दुसरं. मंग गिऱ्हाईक आलं तर राग याय लागला. गिऱ्हाईक आल्याचा राग! दुकानदाराला!"

बैठकीला यायला लागल्यावर त्यांनी एक गोष्ट केली, जी सबंध बाजारपेठेत कोणी केली नसेल. त्यांनी गादी उचलून उंबऱ्याशी आणली आणि उलटी फिरवली. रस्त्याकडं पाठ करून बसायला लागले. म्हणजे मोबाइलमध्ये काय चाललंय ते येणाऱ्या जाणाऱ्याला त्यांच्या खांद्यावरून दिसावं. लक्ष्मी येते त्या वाटेला पाठ करून बसणारा वाणी कोणी बघितलाय? गावात चर्चा झाली. कोणी म्हणालं, वास्तूवाल्यानं सांगितलं. कोणी म्हणालं, डोकं फिरलं. गिऱ्हाईक यायचं आणि पाठीला हाक मारायचं. अप्पा मान वळवून म्हणायचे, "या मालक, म्या हिकडं हाय." त्या बसण्यानं त्यांचं उरलंसुरलं गिऱ्हाईकही तुटलं. त्यांनी गादी फिरवली नाही.

पण त्यांची खरी तुटलेली गोष्ट दुसरी होती. ती त्यांनी मला तिसऱ्या की चौथ्या फेरीत, चाकूरच्या पुढं, खिडकीकडं बघत सांगितली.

त्यांना एकच मुलगी, शिवकन्या. बी.कॉम. झालेली, हुशार, पोळ्याच्या गर्दीत दुकानात बसायची. त्या वर्षी देवणीकडचे चारपाच शेतकरी आले होते. त्यांना आदल्या वर्षीच्या एका झुलीसारखी झूल पाहिजे होती. शिवकन्या म्हणाली, "थांबा मामा, अप्पाच्या मोबाइलमधी फोटो आसंल." तिनं मोबाइल घेतला, गल्ल्यासमोर सगळ्यांना दिसेल असा धरला आणि फोटो उघडले.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. तिनं मोबाइल पालथा ठिवला. शेतकऱ्याला म्हणली, फोटो न्हाई मामा. चप्पल घातली आन् गेली. त्यातला एक म्हातारा फेटा नीट कराय लागला, उगंच. बाकीचे तरणे व्हते, ते हसले. आन् भाऊसायेब, म्या त्यांला झूल इकली. हात चालत व्हते माजे. घडी घातली, सुतळी बांदली, या म्हणलं."

शिवकन्या पुन्हा दुकानात आली नाही. वर्षभरात तिचं लग्न झालं, नांदेडच्या एका बँकेतल्या मुलाशी. सगळ्या वडीलधाऱ्यांच्या ती पाया पडली. अप्पांच्या समोर आली तेव्हा तिनं हात जोडले, पाहुण्याला जोडतात तसे. त्यानंतर ती आईला फोन करायची. अप्पांनी उचलला तर ठेवून द्यायची. शकुंतलाकाकू, अप्पांच्या पत्नी, त्यांना मुलीनं कारण सांगितलं नव्हतं, अप्पांनीही नाही. त्यांनी विचारलंही नाही. नवऱ्याला वेळेवर जेवायला वाढायचं आणि त्याच्याकडं न बघता वाढायचं, एवढं त्या करत.

अप्पांना सुटायचं होतं ते शिवकन्येसाठी. बाकी सगळं, आरोग्य, मनःशांती, असले शब्द मॅडमचे. अप्पांना एकच पाहिजे होतं, मुलीनं एकदा "अप्पा" म्हणावं.

ते दोनदा घसरले. एकदा पोळा रिकामा गेला तेव्हा, आणि एकदा काकू माहेरी गेल्या होत्या तेव्हा. दोन्ही वेळा औशाहून सकाळची पहिली बस धरून ते माझ्या कचेरीच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. फोन केला नाही. "हे फोनवर सांगितलं तर सोपं जातंय, म्हणून आलो." मी विचारायच्या आत सांगून टाकलं आणि चहाही न घेता परत गेले. मी स्वतः किती वेळा घसरलो आणि त्यातलं किती त्यांना सांगितलं, हा आकडा मंगलला माहीत नाही आणि इथंही लिहीत नाही.

ते संत होते असं नाही. भोकरच्या एका तरुण मास्तरला बैठकीतून त्यांनी आपल्या पंखाखाली घेतलं होतं. लग्न ठरलेलं पोरगं, नंतर फोनच उचलेना. अप्पा सरळ त्याच्या घरी धडकले. दारात त्याची आई. अप्पांनी सांगितलं, "शुगरचं औषद घिऊन आलोय, मास्तरसाठी." आई घाबरली. पोराला शुगर? लग्नाच्या आत? ती रडायला लागली, शेजारी गोळा झाले, आणि दोन दिवसांत मुलीकडच्यांना कळलं की मुलगा शुगरचा पेशंट आहे. लग्न मोडलं. मास्तरनं अप्पांना एकदाच फोन केला आणि जे बोलला ते अप्पांनी मला सांगितलं नाही. पुढं तो मास्तर कुठं गेला, कळलं नाही. अप्पा त्यानंतर बरेच दिवस म्हणत, "ह्यो शबूद वाईट हाय, भाऊसायेब. टाकून देऊ." पण तोवर तो सगळीकडं पोचला होता.

तो नांदेडलाही पोचला. काकूंनी अप्पांना फोनवर म्हणताना ऐकलं होतं, "काल लई वाढली व्हती." त्यांनी आपला अर्थ घेतला आणि एक दिवस मुलीला सांगितलं, "तुज्या अप्पाला शुगर झालीय. वाळलेत." अप्पा वाळले होते हे खरं होतं.

पंधरा दिवसांनी नांदेडहून एक पार्सल आलं. त्यात शुगर तपासायचं मशीन, नाचणीची बिस्किटं आणि आत चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. अप्पा ते मशीन घेऊन माझ्याकडं आले. लहान मुलाच्या हातात पाखरू असावं तसं धरलं होतं. आणि मग एका रविवारी फोन आला.

"अप्पा, तपासली का?"

एवढंच. पण "अप्पा" होतं त्यात.

त्यानंतर दर रविवारी. पुढं व्हिडिओ कॉल. ती म्हणायची, "माझ्यासमोर तपासा." अप्पा बोटाला सुई टोचायचे, मशीन कॅमेऱ्यापुढं धरायचे. आकडा अर्थातच चांगला. ती खूश. "बघा, पथ्य पाळलं की कशी जाग्यावर येते!" अप्पा मान हलवायचे. मला म्हणाले, "रगत खरं निघतंय, आकडा खरा येतोय, पोरगी खरी हासायलीय. आन् सगळं मिळून खोटं हाय."

"असू द्या की अप्पा," मी म्हणालो. "कुणाचं काय बिघडतंय?"

"हे खरं हाय का बरं हाय?"

"बरं आहे. पण लई बरं आहे."

ते हसले नाहीत.

शिवकन्येला मुलगी झाली. नाव ठेवायला अप्पांना बोलावणं आलं, लग्नानंतर पहिल्यांदा. "अप्पा, तुमच्यासाठी बिनसाखरेची खीर करते, खारकेची." अप्पांनी मला सोबत चला म्हणून सांगितलं. गाडीत बसल्यावर कळलं की ते तिला सगळं सांगणार आहेत. शुगर नाही, कधी नव्हती, शुगर म्हणजे काय होतं, आणि आता ते सुटलंय. मी अहमदपूरपासून लोह्यापर्यंत त्यांची समजूत घातली. नात बघा, खीर खा, गप परत या. शुगर होती का नव्हती, मेल्यावर विचारतंय कोण. किस्से सांगणाऱ्याची सगळी अक्कल मी पणाला लावली.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊसायेब, तिनं माफ केलंय ते शुगरवाल्या बापाला. त्यो म्या न्हाई. त्याच्या नावची खीर म्या कशी खाऊ?"

तिच्या गल्लीच्या तोंडाशी चहाचा गाडा होता. मी तिथं थांबलो. माझा चहा संपायच्या आत अप्पा परत आले. हातातली टोपडं-झबल्याची पिशवी तशीच.

गाडीत बसलो, लोहा गेलं. मग अप्पा म्हणाले, "सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. बसूनच ऐकलं. मंग म्हणली, 'शुगरचं इतकी वर्षं खोटं बोललाव, माझ्या डोळ्यापुढं सुई टोचून बोललाव. मग सुटलोय म्हणताव ते खरं कशावरून?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? कशावरून? माज्याकडं काय हाय दाखवाय?"

अहमदपूरला गाडी थांबली, लोक उतरले, चढले. अप्पा म्हणाले, "मॅडम म्हणत्यात, खरं बोललं की हलकं वाटतंय. न्हाई वाटायलं, भाऊसायेब. लई जड वाटायलंय."

रविवारचे फोन बंद झाले. मला धास्ती एकच, आता हा माणूस पुन्हा त्या खड्ड्यात जाणार. मी रोज फोन करायला लागलो. आतापर्यंत वाढली म्हणून मी रडायचो आणि ते चौकापर्यंत चालवायचे. आता मी त्यांना चालवत होतो, दुकानापासून बाजार समितीच्या फाटकापर्यंत, लातुरात बसून. मला झुलीच्या कापडाचे भाव माहीत नव्हते म्हणून कचेरीतल्या बदल्यांच्या भानगडी सांगायचो. ते ऐकायचे. कंटाळायचे असतील. पण चालायचे.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, अप्पा गादीवर बसल्या बसल्या गेले. हृदय. रस्त्याकडं पाठ होती, म्हणून कोणाला कळलं नाही. दोन गिऱ्हाइकांनी पाठीला हाक मारली, उत्तर आलं नाही, तर मन्मथप्पा ऐकत न्हाईत म्हणून पुढच्या दुकानात गेली. काकू जेवायला बोलवायला आल्या तेव्हा त्यांनी समोर जाऊन बघितलं.

मी आणि मंगल औशाला पोचलो तेव्हा अप्पांना अंगणात बसवलं होतं. लिंगायतांत गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, मांडी घालून बसवतात, तसंच समाधीत उतरवतात. कपाळभर भस्म, गळ्यात फुलं. भेटायला आलेला प्रत्येक जण मान हलवून म्हणत होता, शुगरनं नेलं. मंगलनं माझ्याकडं बघितलं. जिलेबी उचलणारी ती बाई, पदरानं डोळे पुसत होती.

शिवकन्या नांदेडहून आली. वडिलांच्या चेहऱ्याकडं तिनं एकदाच बघितलं आणि आईजवळ जाऊन बसली. रडली नाही. समाधीच्या जागेवर, खड्ड्याच्या कडेला माणसं जमली, विधी करणाऱ्या जंगम स्वामींचे मंत्र सुरू झाले, तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"तुमीच का भाऊसाहेब, अप्पा ज्यांना फोन करायचे?"

"हो, ताई."

"अप्पा म्हणले होते, सुटलोय. मी म्हणलं, खोटं. आता इचारायला तुमीच हाव. तुमी खोटं बोललाव तरी मला कळणार न्हाई, काका. म्हणून खरं सांगा."

माझ्या जिभेवर एक सुंदर वाक्य तयार होतं. कधीच घसरले नाहीत, ताई, देवमाणूस होते. मी असली वाक्यं आयुष्यभर पुरवलीत, लग्नांत, निरोप समारंभांत, मयतीतही.

"दोनदा घसरले," मी म्हणालो. "दोन्ही वेळेस लातूरला येऊन मला सांगितलं, मी न विचारता. तेवढं सोडून न्हाई."

तिचा चेहरा आक्रसला. "दुसऱ्यांदा कधी? मी तसं बोलल्यावर?"

"न्हाई, न्हाई. ते लई आधी. तुम्ही बोलल्यावर एकदाबी न्हाई. मलाच भीती होती, म्हणून रोज फोन करायचो."

"मग? काय म्हणायचे माझ्याबद्दल?"

"म्हणायचे, पोरीचं बरोबर हाय."

तिनं पायांतली चप्पल काढून बाजूला ठेवली.

खाली खड्ड्यात अप्पांना बसवून झालं होतं. स्वामींनी त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर ठेवायला घेतलं, पण हात आखडलेला, तळवा सपाट राहीना, लिंग घसरायला लागलं. स्वामी वर बघून म्हणाले, "कुणीतरी हात धरा." अप्पांचे दोन पुतणे पुढं झाले. त्यांच्या आधी शिवकन्या खड्ड्यात खणलेल्या पायऱ्यांवरून खाली उतरली. ती वडिलांच्या समोर बसली आणि आपला तळहात तिनं त्यांच्या तळहाताखाली दिला.

वरून बेलाची पानं पडू लागली, मग भस्म. तिच्या केसांवर, अप्पांच्या खांद्यावर. स्वामी म्हणाले, "माय, आता हात काढ. माती टाकायचीय." तिनं काढला नाही. खोरी घेतलेली माणसं थांबून राहिली. स्वामींनी पुन्हा सांगितलं, यावेळी अगदी हळू.

मग तिनं हात काढून घेतला. अप्पांचा हात होता तिथंच राहिला.